शेजाऱ्यांची गोळी

बीपीची गोळी हा आपल्याकडे कट्ट्यावरचा विषय. ‘मला ही लागू पडली, तूही हीच घे,’ असं माणसं किती सहज सांगतात! म्हणूनच या अंकात या औषधांची तुलना मुद्दाम घेतली आहे.

२००२ साली अमेरिकेतल्या ‘ऑलहॅट’ अभ्यासाचे निष्कर्ष आले. ३३ हजारांहून अधिक रुग्णांमध्ये क्लोरथॅलिडोन, अ‍ॅम्लोडिपिन आणि लिसिनोप्रिल ताडून पाहिली होती. हार्ट अटॅक रोखण्यात तिन्ही जवळपास सारखीच ठरली; हार्ट फेल्युअर टाळण्यात मात्र जुनी, स्वस्त क्लोरथॅलिडोन सरस निघाली. महाग तेच चांगलं, हा समज मला तेव्हापासून खटकतो.

रोजच्या जगण्यात फरक जाणवतो तो त्रासाचा. अ‍ॅम्लोडिपिनने घोटे सुजू शकतात, लिसिनोप्रिलने कोरडा खोकला येतो, क्लोरथॅलिडोनने पोटॅशियम उतरतं. टेल्मिसार्टन या बीपीच्या आणखी एका गोळीने खोकला क्वचितच, पण गरोदरपणात ती वर्ज्य, लिसिनोप्रिलही तशीच.

मला खरी काळजी वाटते ती खोकल्याला कंटाळून, डॉक्टरांना न विचारता गोळी सोडून देणाऱ्यांची. ती बदलून मिळते, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.