नोंदवहीतला जुना नंबर

आमचा भाचा कुवेतमध्ये एका छोट्या इंटरनेट कंपनीत कामाला आहे. शुक्रवारी त्याला सुट्टी असते, म्हणून त्या दिवशी दुपारी दापोलीजवळच्या गावी आपाच्या घरी त्याचा व्हिडिओ कॉल ठरलेला. मागे एका शुक्रवारी आम्हीही तिथेच होतो. सलाम-दुआ झाली, आपाने जेवणाची चौकशी केली, पण स्वारी वैतागलेली दिसली. "मामू, आमच्या कंपनीच्या नावापुढे एका फळवाल्याचा फोन नंबर लागलाय. त्या बिचाऱ्याला जगभरातून फोन येतात."

आपा हसली. आम्हीही हसलो. मग त्याने सगळे समजावून सांगितले तेव्हा हसू आटले, आणि यावर आपल्या वाचकांशी बोलावे असे वाटले. कोकणातल्या कितीतरी घरांतली मुले आखातात आहेत आणि त्यांचे आवाज घरी पोहोचतात ते याच नोंदवहीच्या भरवशावर.

इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक जाळ्याला क्रमांक लागतात. हे क्रमांक गठ्ठ्यागठ्ठ्याने कंपन्यांना दिले जातात आणि कोणता गठ्ठा कोणाकडे, त्याची नोंद ठेवली जाते. सुरुवातीला जाळे लहान होते, तेव्हा हा हिशेब अमेरिकेत जॉन पोस्टेल नावाचे संशोधकच सांभाळत असत. जाळे वाढले तसे काम वाटून घ्यावे लागले. आज जगात अशा पाच प्रादेशिक नोंदणी संस्था आहेत. भारत येतो तो ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनहून चालणाऱ्या एपनिककडे. देशातल्या देशात हे काम आयरिन पाहते. कुवेत, दुबई, सौदी, कतर, ओमान हा सगळा पट्टा मात्र युरोपबरोबर जोडलेला आहे. त्याची नोंदवही राइप एनसीसी ही संस्था ॲमस्टरडॅममध्ये 1992 पासून ठेवते. म्हणजे आपाच्या मोबाइल कंपनीचे क्रमांक एका वहीत आणि भाच्याच्या कंपनीचे दुसऱ्या वहीत. माय-लेकराचे बोलणे या दोन वह्यांमधून जाते, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नाही.

ही वही साधारण आपल्या सातबाऱ्यासारखी समजा. सातबारा म्हणजे जमीन नव्हे, पण भांडण लागले की सगळे त्याच्याकडेच धाव घेतात. आणि सातबाऱ्यावर जशी पणजोबांची नावे तशीच राहून जातात, फेरफार करायला कोणाला वेळ नसतो, तसेच इथेही होते.

भाच्याच्या कंपनीत हेच झाले होते. पूर्वीच्या साहेबांनी वहीत संपर्क म्हणून स्वतःचा मोबाइल नंबर घातला. ते नोकरी सोडून गेले, सिमकार्ड बंद पडले, आणि टेलिफोन कंपनीने तो नंबर दुसऱ्याला देऊन टाकला. आता या कंपनीच्या जाळ्यातल्या एखाद्या संगणकाला व्हायरस लागून तो फसवणुकीचे ईमेल पाठवू लागला, तर जर्मनीतला किंवा जपानमधला त्रस्त माणूस वही उघडतो आणि फोन लावतो. उचलतो फळवाला. ज्याला खबर मिळायला हवी त्याला ती मिळतच नाही.

एका क्रमांकाची ही गोष्ट. वही तर आख्ख्या युरोप आणि आखाताची. ती स्वच्छ ठेवायची कोणी? संस्थेचे कर्मचारी आहेत, पण प्रत्येक कंपनीत कोण आले, कोण गेले हे त्यांना कसे कळणार? ज्याची नोंद त्याने ती राखायची, असाच मूळ करार आहे. म्हणून प्रत्येक नोंदीला तिचा एक रखवालदार नेमलेला असतो आणि त्याच्या परवानगीशिवाय नोंद बदलत नाही.

आज हे सहज वाटते. पण एके काळी नोंदीला कुलूपच नको असेही लिहून ठेवता येत असे. मग कोणीही येऊन ती बदलावी! कुठे कुठे नुसता ईमेल कोणाच्या नावाने आला एवढेच पाहिले जाई. नावे खोटी लिहिता येतात हे तेव्हाही माहीत होते, पण मंडळी एकमेकांना ओळखत होती. आम्हाला यात मूर्खपणा दिसत नाही. आमच्या लहानपणी गावात दुपारी दारे उघडीच असत. फक्त गावाचे शहर झाले की दाराला कडी लावायची आठवण कोणीतरी करून द्यावी लागते.

ती आठवण किती उशिरा झाली, याचे एक उदाहरण भाच्याने सांगितले. एखादे जाळे "या क्रमांकांकडे जायचा रस्ता माझ्याकडून आहे" असे जाहीर करते, त्याचीही नोंद या वहीत होते. इतर खंडांतल्या कंपन्यांना अशी नोंद करायला स्वतःची सोय नव्हती, म्हणून राइपने आपली वही त्यांच्यासाठी खुली ठेवली. त्यासाठी एक सामाईक पासवर्ड होता आणि तो सगळ्या जगाला माहीत होता. अगदी वहीतच लिहून ठेवलेला. हेतू मदतीचा होता, पण त्या दाराने कोणीही दुसऱ्याच्या क्रमांकांवर आपले नाव टाकू शकत होता. वर्षानुवर्षे चर्चा झाली आणि सप्टेंबर 2018 मध्ये ते दार बंद झाले. जुन्या नोंदी लगेच फाडल्या नाहीत. त्या "खातरजमा नसलेल्या" म्हणून वेगळ्या काढल्या, आणि पुढे ज्या नोंदी खऱ्या मालकाच्या सहीशी जुळत नव्हत्या त्या पूर्वसूचना देऊन काढून टाकल्या.

या निर्णयांची रीतही ऐकण्यासारखी आहे. वर्षातून दोनदा सभा भरते, कोणालाही येता-बोलता येते, आणि मतदान घेत नाहीत. जोवर ठोस हरकत शिल्लक आहे तोवर बोलत राहतात. मोहल्ल्यातल्या बैठका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना वेळ का लागतो हे सांगायला नको.

एवढा खटाटोप कशाला, असे आपाने विचारले तेव्हा भाच्याने 2008 ची हकिगत सांगितली. फेब्रुवारीत पाकिस्तान सरकारने देशात यूट्यूब बंद करायचा हुकूम दिला. तिथल्या टेलिकॉम कंपनीने यूट्यूबच्या क्रमांकांचा रस्ता स्वतःकडे वळवला. ही गोष्ट देशातच राहायची, पण ती बाहेर गेली, पुढच्या कंपनीने न तपासता जगाला सांगितली, आणि सुमारे दोन तास जगातल्या बहुतेकांना यूट्यूब दिसेना. क्रमांक कोणाचे हे नोंदवहीत लिहिलेले होतेच. विचारले कोणी नाही. आणि मुद्दाम चोरी करणारेही आहेत. जुन्या पद्धतीचे क्रमांक सगळे मिळून सुमारे 429 कोटी. राइपकडचा साठा नोव्हेंबर 2019 मध्ये संपला. त्यामुळे त्यांना बाजारात किंमत आली. आफ्रिकेच्या वहीत तर नोंदी फिरवून 40 लाखांहून अधिक क्रमांक लाटले गेल्याचे उघड झाले.

म्हणून आता क्रमांकधारक नोंदीवर डिजिटल सही करतात, आणि जगातली अनेक जाळी ती सही पाहूनच रस्ता मान्य करतात. चांगलेच झाले. पण आम्हाला धास्ती वाटली ती पुढचे ऐकून. 3 जानेवारी 2024 रोजी स्पेनमधल्या ऑरेंज कंपनीच्या लाखो ग्राहकांचे इंटरनेट काही तास कोलमडले. केबल तुटली नव्हती. एका भुरट्याने राइपमधल्या कंपनीच्या खात्यात शिरून सही केलेल्या नोंदी बदलल्या. इतर जाळ्यांनी वही पाहिली आणि ऑरेंजचे खरे रस्तेच खोटे ठरवून टाकले. पासवर्ड होता "राइपॲडमिन". एका कर्मचाऱ्याच्या संगणकात काही महिने आधी शिरलेल्या चोरट्या प्रोग्रामने तो पळवला होता, आणि दुसऱ्या टप्प्याची तपासणी चालू केलेली नव्हती. त्याच वर्षी राइपने ती सगळ्यांना सक्तीची केली. पूर्वी वहीकडे लोक पाहतच नव्हते म्हणून नुकसान होई. आता डोळे झाकून पाहतात, म्हणून एक खोटी ओळ अख्खी कंपनी बुडवू शकते.

एका प्रश्नावर मात्र आमचे आणि भाच्याचे जमले नाही. वहीत माणसाचे नाव-पत्ता किती असावा? फसवणूक झालेल्याला दार ठोठवायला जागा हवी, असे आमचे म्हणणे. तो म्हणाला, "मामू, घरातून छोटे जाळे चालवणारे लोक आहेत. त्यांच्या घरचा पत्ता साऱ्या जगाने का वाचावा?" तक्रारीसाठी एक चालता ईमेल असावा, तो कोणा एकाच्या नावाचा नसून कामाचा असावा, एवढ्यावर तडजोड झाली. तक्रारीचे हे ईमेल चालू आहेत की नाहीत हे राइप आता दरवर्षी तपासते, असेही त्याने सांगितले.

त्याचे स्वतःचे काम सोपे नव्हते. नंबर बदलायचा तर रखवालदाराचा पासवर्ड हवा, आणि तो जुन्या साहेबांबरोबर गेलेला. कंपनीच्या लेटरहेडवर सही-शिक्क्याचे पत्र, नोंदणीचे कागद, मग ॲमस्टरडॅमहून उलट प्रश्न. वरिष्ठ म्हणत, इंटरनेट चालू आहे ना, मग कशाला त्रास? तो दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत हे करत राहिला.

तीन आठवड्यांनी पुन्हा शुक्रवार आला. नोंद बदलली होती. त्याने फळवाल्याला फोन करून सांगितले, माफीही मागितली. फळवाला म्हणाला, फोन तसे त्रासाचेच होते, पण इंग्रजीत "राँग नंबर" म्हणायला मात्र आपण त्यातूनच शिकलो.