भिंतीचा खरा रंग

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील मान मंदिर बाबराने १५२८ साली पाहिले आणि त्याच्या भिंतींवर हिरव्या फरशांत घडविलेल्या केळींचा उल्लेख आपल्या आत्मवृत्तात आवर्जून केला. पुढे १८८०च्या दशकात लाला दीनदयाळ यांनी याच किल्ल्याची उत्तम छायाचित्रे घेतली. परंतु ती कृष्णधवल असल्याने निळ्या-हिरव्या फरशांविषयी ती मूकच राहिली. आज रंग टिपण्याचे साधन घरोघरी आहे. ते साधन रंगाविषयी नेहमी खरेच बोलते का, हा प्रश्न मला गेल्या वर्षी दौलतगंजात पडला.

आमच्या नात्यातील एक जुना वाडा उतरविण्याचे ठरले होते. वाडा रिकामा होण्यापूर्वी प्रत्येक खोलीचे एक तरी छायाचित्र असावे, ही आत्यांची इच्छा. लष्करातील जुन्या वाड्यांच्या खोल्या वाचकांना परिचित आहेतच: पाठ भिंतीला टेकविली तरी समोरची भिंत पुरती चौकटीत येत नाही. म्हणून मी काकांचे जुने २१ मिलिमीटरचे वाइड अँगल भिंग आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर बसविले. देवघरात समई तेवत होती, आत्या मध्ये उभ्या होत्या, दोन्ही बाजूंना चुन्याने रंगविलेल्या पांढऱ्या भिंती. चित्र स्पष्ट आले. आत्यांनी ते पाहिले आणि म्हणाल्या, "अरे, ही आपली भिंत नव्हे. आपली भिंत कधी गुलाबी होती?"

खरोखरच डावी भिंत गुलाबी, उजवी हिरवट दिसत होती. मध्यभाग मात्र निर्दोष.

याचे कारण त्या भिंगाच्या जन्मकाळात आहे. ते फिल्मसाठी घडविलेले. अशा भिंगाची मागची काच फिल्मच्या अगदी जवळ येते आणि चौकटीच्या कडेवर प्रकाशकिरण फार तिरपे पडतात. फिल्मला त्याचे फारसे सोयरसुतक नसते. डिजिटल सेन्सरची रचना निराळी. त्यावर लक्षावधी सूक्ष्म प्रकाशपेशी असून प्रत्येकीवर लाल, हिरवी वा निळी गाळणी असते. ही मांडणी कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांनी शोधली व १९७६ मध्ये तिचे पेटंट मिळाले. तिरपा किरण एका गाळणीतून शिरतो आणि शेजारच्या पेशीत उतरतो. एका रंगाचा हिशेब दुसऱ्याच्या खात्यावर चढतो. पेशींची अंतर्रचना दोन्ही बाजूंना सारखी नसल्यास डावीकडची चूक एका रंगाची व उजवीकडची दुसऱ्या रंगाची होते. आरशाच्या कॅमेऱ्यांची वाइड अँगल भिंगे आरशाला जागा सोडण्यासाठी सेन्सरपासून दूर राहतात, म्हणून त्यांत हा दोष सहसा जाणवत नाही.

नामांकित कॅमेऱ्यांनाही हा त्रास चुकलेला नाही. लायका कंपनीचा एम ८ हा कॅमेरा २००६ मध्ये आला, तेव्हा अदृश्य अवरक्त किरण पुरेसे न अडल्याने काळे कृत्रिम कापड जांभळे दिसू लागले. त्यावर भिंगापुढे लावण्याची खास गाळणी देण्यात आली. पण ती गाळणी वाइड अँगल भिंगावर चढविताच तिरप्या किरणांतील लाल रंगही अडू लागला आणि चित्राचे कोपरे निळसर-हिरवे झाले. शेवटी भिंग कोणते हे कॅमेऱ्याला कळावे म्हणून भिंगावरच खुणा कोरून त्यानुसार दुरुस्ती करावी लागली. अलीकडच्या काही सेन्सरांत प्रकाश मागील बाजूने घेतला जातो. त्यांत हा दोष बराच कमी आहे.

माझ्या भाच्याने संगणकावर स्वयंचलित रंगशुद्धी केली, वर ब्रशने दोन्ही कडांचा रंग उतरविला. भिंती पांढऱ्या झाल्या. आत्या चित्र बराच वेळ पाहत राहिल्या. "भिंत बरी दिसते रे, पण समई लावलेली वाटत नाही," त्या म्हणाल्या. समईचा पिवळा उजेडही त्या शुद्धीत धुऊन निघाला होता. भिंगाचा दोष आणि खोलीतला उजेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यंत्राला ठाऊक नव्हते.

मग दोष कोणता आणि उजेड कोणता, हे ठरवावे कसे? याचा सोपा मार्ग असा की त्याच कॅमेऱ्याने, त्याच भिंगाने, तेच छिद्र व तेच अंतर कायम ठेवून, भिंगापुढे दुधी अॅक्रिलिकची पट्टी धरून एक कोरे चित्र घ्यावे. त्या चित्रात वस्तू काहीच नसते. म्हणून जो काही असमान रंग वा काळोख दिसेल तो भिंग व सेन्सर यांचाच. समजा, कोऱ्या चित्राच्या मध्यभागी तिन्ही रंगांचे मान २०० आहे आणि डाव्या कडेला लाल १६०, हिरवा १२५, निळा १६० असा आकडा येतो. तेथे हिरवा रंग सर्वांत अधिक घटला, म्हणून कड गुलाबी. मूळ चित्राच्या त्या जागी लाल व निळा १.२५ पट आणि हिरवा १.६ पट केला की कड मध्याशी जुळते. कॅप्चर वन व लाइटरूम क्लासिक या प्रणालींत ही सोय आहे. मूळ चित्र मात्र रॉ स्वरूपात हवे. कडा उजळताना तेथील कणही वाढतात, एवढी किंमत द्यावी लागते. खगोलशास्त्रज्ञ दुर्बिणीच्या चित्रांना हाच संस्कार करतात: संधिप्रकाशातील आकाशाचे किंवा पांढऱ्या पडद्याचे कोरे चित्र घेऊन त्याने ताऱ्यांच्या चित्राला भागतात.

मी वाड्यात असे कोरे चित्र घेतले नव्हते. आता वाडाही उरला नव्हता. सुदैवाने भिंग आणि कॅमेरा दोन्ही हाती होते. रॉ फाईलमधील नोंदीवरून वेळ कळली, पण भिंग जुने असल्याने छिद्राची नोंद त्यात नव्हती. माझ्या वहीत एफ/८ लिहिलेले होते, तेच कामी आले. गच्चीवर सावलीत उभा राहून, पट्टी मोकळ्या आकाशाकडे धरून मी तीन कोरी चित्रे घेतली आणि त्यांतील सर्वांत स्वच्छ चित्राने देवघराच्या चित्राला भागले.

डावी भिंत पांढरी झाली. समईचा पिवळा उजेड जागच्या जागी राहिला. उजवी भिंत मात्र थोडी हिरवीच राहिली. माझे काही चुकले असावे असे वाटून मी पुन्हा सारे करून पाहिले, उत्तर तेच. अखेर चित्र आत्यांपुढे ठेवले. त्यांनी उजव्या भिंतीवर बोट ठेवले. "तिथे खिडकी होती ना. चौकातल्या कडुलिंबावरून सकाळचं ऊन आत यायचं, तेव्हा ही भिंत अशीच दिसायची. तुला कसं आठवत नाही?"

मला आठवत नव्हते. ब्रशने भिंती पांढऱ्या करताना आम्ही भिंगाच्या दोषाबरोबर तो कडुलिंबही पुसून टाकला होता. आता वाडाही नाही आणि झाडही नाही. त्या हिरव्या छटेची साक्ष या एका चित्रात उरली आहे.

ज्या वाचकांच्या घरी जुने वाडे अजून उभे आहेत, त्यांना एवढीच विनंती. खोलीचे चित्र घेतले की भिंग वा छिद्र न बदलता तेथेच पट्टी धरून एक कोरे चित्र घ्यावे. छिद्र बदलले तर कोरे चित्रही पुन्हा घ्यावे. दोन्ही फाईली एकत्र ठेवून भिंगाचे नाव व छिद्र वहीत टिपून ठेवावे. आणि कोणताही रंग पुसण्यापूर्वी त्या खोलीत वाढलेल्या माणसाला चित्र एकदा दाखवावे.

पुढील अंकी जुन्या काचपट्ट्यांची निगा कशी राखावी, याविषयी.