आठवडाभराच्या पेल्यातून काय कळते?

पुण्यालगतच्या पिंपळे सौदागर, रहाटणी, वाकड या पट्ट्यातल्या घरांत जेवणाची वेळ हिंजवडीचा रस्ता आणि चाकणची शिफ्ट ठरवते. कुणाची कंपनीची बस उजाडताच येते, कुणाची सेकंड शिफ्ट सुटेपर्यंत मध्यरात्र होते, तर कुणाचा परदेशी ग्राहकाबरोबरचा कॉल नेमका रात्रीच्या जेवणाच्या वेळी असतो. दोघेही नोकरी करणाऱ्या घरात पोळ्यांच्या मावशी एक दिवस आल्या नाहीत की सगळे वेळापत्रक कोलमडते. अशा घरात कुणी ओट्स, भाजलेले डाळे, शेंगदाणे, जवस, दूध पावडर आणि व्हे प्रोटीन मिक्सरमधून काढले आणि आठवडाभर जेवणाऐवजी तेच पिऊन पाहायचे ठरवले, तर त्यात हसण्यासारखे काही नाही. वेळ वाचेल, वजन उतरेल, पोटात किती गेले याचा हिशेब राहील, या तिन्ही अपेक्षा रास्त आहेत. माझा आक्षेप पावडरीपेक्षा आठवड्याला आहे. अशा आहाराचे फायदे पहिल्या चार दिवसांत दिसतात आणि तोटे काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी. त्यामुळे सात दिवसांच्या घरगुती प्रयोगाचा निकाल जवळजवळ नेहमीच पावडरीच्या बाजूने लागतो आणि आरोग्याबद्दल मात्र त्यातून फारसे काही कळत नाही.

आधी वजनकाट्याचे पाहू, कारण प्रयोग करणाऱ्याचा सगळा विश्वास त्यावरच असतो. आपल्या यकृतात आणि स्नायूंत साधारण चारपाचशे ग्रॅम ग्लायकोजेन साठवलेले असते आणि त्याच्या दर ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. भात, पोळी, साखर एकदम कमी झाली की शरीर हा साठा वापरू लागते आणि त्याबरोबरचे पाणी बाहेर पडते. लोणचे, पापड, फरसाण सुटल्याने मीठ घटते, त्यानेही पाणी उतरते. आतड्यात एरवी असणारा अन्नाचा भारही हलका होतो. एवढ्यानेच दीड-दोन किलो वजन कमी दिसू शकते. चरबीचा हिशेब वेगळा आहे. शरीरातली एक किलो चरबी जाळायला सुमारे ७,७०० कॅलरींची तूट लागते. रोज ७०० कॅलरी कमी खाल्ल्या तरी आठवड्यात जेमतेम ६०० ग्रॅमच्या आसपास चरबी घटेल. बाकीचे पाणी पहिल्या दोन-तीन पूर्ण जेवणांत परत येते. तरीही मनात आकडा राहतो तो आठव्या दिवशी सकाळी काट्यावर दिसलेलाच.

पुण्याच्या परिसरात तर वजनकाट्यावर न विसंबण्याचे आणखी एक कारण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय शरीराबद्दल जे मांडले ते जगभर मान्य झाले आहे: दिसायला सडपातळ, पण आत चरबी जास्त आणि स्नायू कमी. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबत स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. ज्या लोकांचा प्रश्न मुळात स्नायू कमी असण्याचा आहे, त्यांनी व्यायामाविना आणि पुरेशा प्रथिनांविना झटपट वजन उतरवले तर जाणाऱ्या वजनात स्नायूही जातात. काटा ते वेगळे दाखवत नाही.

याहून गंभीर बाब ब-१२ या जीवनसत्त्वाची आहे. तिचा पुरावाही याच शहरातला आहे. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली. त्यांत खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले असे तिन्ही गट होते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांत ब-१२ कमी आढळले आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होते. म्हणजे ज्या वर्गाला असा प्रयोग सुचतो आणि परवडतो, त्याच वर्गाची तिजोरी आधीच रिकामी होती. ब-१२ मिळते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून. ओट्स, डाळे, शेंगदाणे, जवस, खजूर यांत ते जवळजवळ नसतेच. दूध पावडर आणि व्हे न घालता मिश्रण पाण्यात किंवा बदामाच्या दुधात कालवले आणि ताक-दह्याची वाटी बंद झाली, तर उरलासुरला पुरवठाही जवळजवळ थांबतो. निरोगी माणसाच्या यकृतातला ब-१२चा साठा वर्षानुवर्षे पुरतो, म्हणून सात दिवसांत काहीच जाणवत नाही. पुढे हातापायांना मुंग्या, थकवा, विसराळूपणा, रक्तक्षय सुरू होतो तेव्हा त्याचा संबंध कुणी पावडरीशी जोडत नाही. मज्जातंतूंना झालेली इजा काही वेळा पूर्ण भरूनही येत नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ब-१२ आणखी घटू शकते. आणि वजन उतरवण्याची गरज सर्वांत जास्त याच लोकांना वाटते.

यावर उत्तर तयार असते: मग मिश्रणात जीवनसत्त्वांची पूडही घालू. इथे घरगुतीपणाच आड येतो. ब-१२ ची रोजची गरज सुमारे २.२ मायक्रोग्रॅम आहे. स्वयंपाकघरातला चांगला डिजिटल काटा एक ग्रॅमपर्यंत मोजतो आणि एक ग्रॅम म्हणजे दहा लाख मायक्रोग्रॅम. ब-१२ जास्त झाले तर फारसे बिघडत नाही, पण सेलेनियमची गरज आणि अपाय यांच्यात अंतर थोडे आहे. २००८ मध्ये अमेरिकेत एका द्रवरूप पूरक आहारात चुकून लिहिलेल्या मात्रेच्या सुमारे २०० पट सेलेनियम पडले. २०१ जणांना केस गळणे, नखे बिघडणे, जुलाब असे त्रास झाले. तिथे कारखाना होता, लेबल होते, तरीही हे घडले. जेवणाऐवजी पावडर या कल्पनेला आजचे रूप दिले ते रॉब ऱ्हाइनहार्ट या तरुण अभियंत्याने, २०१३ मध्ये. त्याचे ‘सॉयलेंट’ पुढे मोठा उद्योग झाले, पण स्वतःवरच्या पहिल्या प्रयोगात तो मिश्रणात लोह घालायलाच विसरला होता आणि छातीतली धडधड वाढल्यावर ते त्याच्या लक्षात आले. ही चूक अडाणीपणातून झाली नव्हती. त्याने यादी बनवली, अभ्यास केला, मोजमाप ठेवले. यादीतून एक घटक निसटला एवढेच. रोजच्या जेवणात आज मेथी नसली तर उद्या पालक असतो, परवा उसळ. त्यातली चूक दररोज बदलते. एकाच मिश्रणात झालेली चूक मात्र दर पेल्यातून तशीच्या तशी पोटात जाते.

जेवणाऐवजी पेय घेतल्याने खरोखरच जीव गेल्याचे उदाहरण आहे, आणि माझ्या मुद्द्याला ते सर्वांत जवळचे आहे. १९७६-७७ मध्ये अमेरिकेत ‘लिक्विड प्रोटीन’चे वेड पसरले. जनावरांच्या कातडी-कंडरांपासून काढलेल्या प्रथिनाचे ते पातळ मिश्रण जेवणाऐवजी प्यायचे. वजन भराभर उतरत होते, लोक खूश होते. त्यानंतर सुमारे ६० मृत्यू या आहाराशी जोडले गेले आणि सरकारी तपास झाला. बारकाईने तपासलेल्या मृत्यूंत हृदयाची लय अचानक बिघडल्याचे दिसले. ही माणसे पहिल्या आठवड्यात गेली नव्हती. त्यांनी तो आहार काही महिने घेतला होता. पहिल्या आठवड्यात त्यांना विचारले असते तर त्यांनीही छान वाटतेय असेच सांगितले असते.

आता दुसरी बाजू. पेयावर राहून माणसे बरी होतात याचा भक्कम पुरावाही आहे आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. मायकेल लीन आणि रॉय टेलर यांनी स्कॉटलंड आणि टाइनसाइडमध्ये केलेल्या ‘डायरेक्ट’ चाचणीत, सहा वर्षांच्या आत टाइप-२ मधुमेह झालेल्या लोकांना तीन ते पाच महिने रोज सव्वाआठशे ते साडेआठशे कॅलरींचे तयार पेय दिले गेले. वर्षअखेरीस ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधांविना नियंत्रणात आला. नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात हे प्रमाण ४ टक्के होते. ही थोर कामगिरी आहे. पण ती कशी साधली ते पाहा. पेयात सगळी सूक्ष्म पोषकद्रव्ये मोजून घातलेली होती. मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधे पहिल्याच दिवशी डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवली होती. पेय संपल्यावर नेहमीचे अन्न टप्प्याटप्प्याने सुरू केले आणि पुढे दीर्घकाळ पाठपुरावा ठेवला. तरी दुसऱ्या वर्षअखेर ४६ वरून आकडा ३६ टक्क्यांवर आला. यातले मिक्सरने करता येण्याजोगे काम एकच, पेय ढवळणे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना हे घरी करून पाहणे तर सरळ धोक्याचे आहे, साखर एकदम खाली जाऊ शकते. गर्भवती, मूत्रपिंडाचे रुग्ण, वाढीच्या वयातली मुले आणि खाण्याशी बिघडलेले नाते असणारे यांनी या वाटेला जाऊच नये.

दुसरा आक्षेप आपल्या परंपरेतून येतो आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. सातूचे पीठ काय वेगळे आहे? गहू आणि हरभऱ्याचे डाळे भाजून दळायचे, वेलदोडा किंवा सुंठ घालायची, गूळ आणि दूध घालून कालवायचे की झाली न्याहारी. नाचणीचे सत्त्व, आंबील, मेतकूट ही सगळी याच कुळातली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने कुपोषित मुलांसाठी बनवलेले मिश्रणही भाजलेले गहू, हरभरा, शेंगदाणे आणि गूळ यांचेच आहे. ८६ ग्रॅममध्ये ३३० कॅलरी आणि ११.३ ग्रॅम प्रथिने. धान्य आणि डाळ एकत्र आली की एकातल्या प्रथिनांची उणीव दुसरे भरून काढते, हे शहाणपण आपल्या स्वयंपाकघरात फार जुने आहे. पण सातूवर कुणी दिवस काढत नसे. तो न्याहारीला, प्रवासात, बाळंतिणीला, आजाऱ्याला. दिवसात बाकी भाकरी होती, भाजी होती, ताक होते. परंपरा एका जेवणाची हमी देते, तिन्ही जेवणांची देत नाही. म्हणून एक वेळच्या पेल्याला माझा विरोध नाही. उलट, बस पकडण्याआधी उपाशी निघणाऱ्याने दुधात कालवलेला सातू पिऊन जाणे हे टपरीवरच्या चहा-क्रीमरोलपेक्षा कितीतरी चांगले.

आणि मग तिसरा, सर्वांत टोकदार आक्षेप येतो: आपले रोजचे जेवण तरी कुठे परिपूर्ण आहे? चारला वडापाव, रात्री ॲपवरून मागवलेली बिर्याणी, मध्ये बिस्किटे. त्यापेक्षा मोजून बनवलेली पावडर बरी नाही का? बरी आहे. पण प्रयोगाच्या पहिल्या आठवड्यात वाटणारा फरक बहुधा पावडर आल्याचा नसतो, वडापाव आणि बिर्याणी गेल्याचा असतो. पावडरीची तुलना करायचीच तर ती पोळी, उसळ, कोशिंबीर, दही असलेल्या डब्याशी करायला हवी. त्या तुलनेत पेय मागे पडण्याचे एक कारण भुकेत आहे. डिमेग्लिओ आणि मॅट्स यांच्या २००० मधल्या अमेरिकी प्रयोगात त्याच माणसांना काही आठवडे रोज ४५० कॅलरी गोळ्यांच्या रूपात आणि काही आठवडे तितक्याच कॅलरी शीतपेयाच्या रूपात दिल्या. चावून खाल्ले तेव्हा त्यांनी बाकीचे खाणे आपोआप कमी केले, प्यायले तेव्हा केले नाही. प्रयोग लहान होता आणि पेयही साखरेचे होते, प्रथिनांचे पेय थोडे अधिक भूक भागवते; तरी चघळण्याला पर्याय नाही हे त्यातून दिसते. शिवाय घरच्या मिश्रणातला विकतचा भागही भरवशाचा नसतो. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय तपासणीत ३६ प्रोटीन पावडरींपैकी सुमारे ७० टक्क्यांवर प्रथिनांचा लिहिलेला आकडा चुकीचा निघाला आणि काहींत बुरशीचे विष, अफ्लाटॉक्सिन, सापडले. दमट पावसाळ्यात साठवलेल्या शेंगदाण्यांनाही तोच धोका असतो.

ज्यांना तरीही स्वतःवर काही करून पाहायचे आहे, त्यांच्यासाठी महाराष्ट्रातलेच एक उदाहरण आहे. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीवर आधारलेली डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दोनदाच जेवण्याची पद्धत हजारो मराठी घरांनी आजमावली. तिच्याविषयी आहारतज्ज्ञांत मतभेद आहेत, पण तिची एक शिस्त घेण्यासारखी आहे: सुरू करण्याआधी उपाशीपोटीचे इन्सुलिन आणि एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची सरासरी) तपासा, तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. तीन महिन्यांना कारण आहे. तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते, तिच्यावर साचलेली साखर त्याआधी खरा बदल दाखवत नाही. तर मग एक जेवण बदला, तिन्ही नको. हिमोग्लोबिन, ब-१२ आणि एचबीए१सी आधी तपासा, तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, कमरेचा घेर मोजा. सोसायट्यांतल्या आरोग्य शिबिरांत आणि कंपन्यांच्या वार्षिक तपासणीत ब-१२ हवेच, कारण निम्म्याहून अधिक लोकांत ती उणीव असू शकते हे पुण्याला २००६ पासून माहीत आहे. जेवण चुकण्याचे मूळ मात्र शिफ्टमध्ये आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांतच उपाहारगृहाची सक्ती आणली होती. चाकण आणि तळवड्याचे सुटे भाग बनवणारे कितीतरी छोटे कारखाने या रेषेच्या खालीच राहिले. तिथल्या सेकंड शिफ्टच्या कामगाराला रात्री नऊला गरम वरण-भात मिळेपर्यंत, डब्यातल्या पोळीभाजीच्या जोडीला सातूची पुडी, दोन उकडलेली अंडी किंवा दह्याचा छोटा डबा हा त्याच्यासाठी पावडरीच्या आठवड्याहून जास्त उपयोगाचा आहार आहे.