गोदामातील गाडी

परभणी, मानवत, सेलू किंवा जिंतूर येथील एखाद्या जुन्या व्यापारी घरी गेले, की दुकानामागच्या गोदामात सोयाबीनच्या पोत्यांशेजारी धूळ खात उभी असलेली एक मारुती ८०० पुष्कळदा दृष्टीस पडते. घरातील ती पहिली मोटार. तिच्यातून सून घरात आलेली असते, नातू दवाखान्यातून घरी आलेला असतो, नवागडच्या आणि नेमगिरीच्या यात्रा झालेल्या असतात. पुढे मोठी गाडी आली, ती मुलाबरोबर पुण्याला गेली, आणि घरी उरलेल्या वडीलधाऱ्यांना बाजार, मंदिर, दवाखाना यांसाठी पुन्हा एक लहान गाडी हवीशी वाटू लागली. नव्या गाडीचा हप्ता झेपणारा नसतो, किंवा झेपत असला तरी तो पैसा हंगामात दुकानातच फिरावा असे घरच्या कर्त्या माणसाला वाटते. मग प्रश्न येतो तो हा की, गोदामातील गाडी नीट करावी काय? आणि ती नसेल, तर तशीच एखादी जुनी घेऊन तिच्यावर मोजका पैसा घालावा काय?

या गाडीचा इतिहास येथे उपयोगी पडतो. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते तिच्या मालकाला देण्यात आली. जानेवारी २०१४ मध्ये या गाडीचे उत्पादन थांबले. पहिल्या गाडीच्या मालकाने ती अखेरपर्यंत सांभाळली. २०१० मध्ये त्यांचे निधन झाले आणि गाडी घराबाहेर उघड्यावर गंजत राहिली. पुढे कंपनीने ती पूर्ववत करून आपल्या मुख्यालयात ठेवली. सत्तावीस वर्षे वापरात राहिलेली ती गाडी चालण्याने मोडकळीस आली नव्हती, उभी राहून आली होती.

गोदामातील गाडीचेही तेच असते. टाकीतील पेट्रोल शिळे होऊन त्याचा चिकट थर कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत बसतो. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते आणि चाकांजवळचे ब्रेक सिलिंडर आतून गंजतात. टायरचे रबर कडक होऊन त्याच्या बाजूंना भेगा पडतात. शिवाय धान्याचे गोदाम म्हटले की उंदीर आलेच, आणि त्यांना वायरवरील प्लॅस्टिक फार आवडते. अशा गाडीला नवी बॅटरी जोडून लगेच चावी फिरवण्याची घाई पुष्कळांना होते. कुरतडलेल्या वायरीतून ठिणगी उडाली, तर शेजारी पोती आहेत हे लक्षात ठेवावे. आधी गाडी ढकलून उघड्यावर आणावी, जुने पेट्रोल काढून टाकावे, इंजिनचे ऑईल बदलावे, वायरी डोळ्यांनी तपासाव्यात. चावीची वेळ त्यानंतर येते.

परंतु मिस्त्रीला बोलावण्याच्याही आधी एक काम असते, आणि तेथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. ते काम कागदांचे. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर परिवहन कार्यालयात गाडी दाखवून पाच-पाच वर्षांसाठी तिचे नूतनीकरण करावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांपुढील मोटारीसाठी ते १०,००० रुपये केले. पर्यावरण कर निराळा. मुदत उलटल्यावर महिन्याला ५०० रुपयांचा विलंब आकारही लागू शकतो. म्हणजे दोन वर्षे गाडी विसरली, तर तेवढेच बारा हजार. ज्या गाडीचे बाजारात चाळीस-पन्नास हजार येतील, तिच्या कागदांवरच वीस-बावीस हजार जाणार असतील, तर ते रंगाच्या आणि सीटच्या गप्पा रंगण्याआधी समजलेले बरे. परिवहन कार्यालयात एक सकाळ घालवून देय रकमेचा आकडा लिहून आणावा. तो आकडा पाहून कित्येक घरांत गाडी रीतसर भंगारात देण्याचा निर्णय होईल, आणि त्यात कमीपणा काही नाही.

दुसऱ्याची जुनी गाडी विकत घेताना ही काळजी दुप्पट हवी. व्यापारी माणूस एरवी चिठ्ठीशिवाय एक क्विंटल माल हलू देत नाही. पण ओळखीच्याकडून गाडी घेताना मात्र ‘नाव नंतर करू’ म्हणून मोकळा होतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका प्रकरणात स्पष्ट केले की, गाडी एकामागून एक कितीही हातांत गेली तरी नोंदणी पुस्तकात ज्याचे नाव आहे, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. तेव्हा विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने २९ आणि ३० क्रमांकाच्या नमुन्यांवर त्याच दिवशी सह्या कराव्यात, आणि विमाही नव्या नावावर करून घ्यावा. बँकेचा बोजा नोंदलेला असेल तर तो उतरल्याचा कागद आधी मागावा. दिल्ली पासिंगच्या गाड्या स्वस्त मिळतात म्हणून काहींना मोह होतो. तेथे पंधरा वर्षांपुढील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यामुळे त्या बाहेर विकल्या जातात, हे खरे. पण तेथील ना-हरकत प्रमाणपत्र, येथील कर आणि नवी नोंदणी एवढे झाल्याशिवाय ती गाडी एमएच-२२ होत नाही. स्वस्ताईचा बराचसा भाग त्यातच विरतो.

कागदांचे जमले, तर मग पत्रा पाहावा. परभणीच्या गाडीचा शत्रू ही काळी माती आहे. पावसाळ्यात शेतरस्त्याने गेलेल्या गाडीच्या चाकांवरच्या कमानीत तिचे लगदे बसतात, वरून वाळतात, आतून ओले राहतात, आणि त्या ओलीने पत्रा हळूहळू खातो. दारांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात. मातीने ती बुजली की दार आतून सडते. म्हणून वरचा रंग न पाहता पायमोजे उचलून तळ पाहावा, स्टेपनीची जागा पाहावी, पुढच्या चाकांचे सस्पेन्शन जेथे बसते तो पत्रा बोटाने दाबून पाहावा. तेथे भोक असेल आणि वर ताजा काळा डांबरी रंग मारलेला असेल, तर हात जोडून परतावे. गेलेले इंजिन दुरुस्त होते, प्रसंगी दुसरे मिळते. ८०० आणि ऑम्नी यांचे ७९६ सीसीचे इंजिन एकाच घराण्यातील असल्याने सुट्या भागांची वाण अजून नाही. सडलेल्या सांगाड्याला मात्र कितीही ठिगळे लावली तरी तो सडलेलाच राहतो.

इंजिनाची परीक्षा सकाळी, ते थंड असताना करावी. विक्रेत्याने ग्राहक येण्यापूर्वीच गाडी गरम करून ठेवली असेल, तर त्याचे कारण विचारावे. धूर निळसर असेल तर ऑईल जळते आहे. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि ऑईलच्या टोपणाखाली दुधाळ फेस दिसत असेल, तर पाणी ऑईलमध्ये मिसळते आहे, म्हणजे हेड गॅस्केट गेले असावे.

आता खर्चाचा क्रम. वहीत गाडीच्या नावाने एक पान उघडावे. समजा, कागदांचा खर्च सोडून साठ हजारांची मर्यादा ठरली. त्यातील पंधरा हजार आधीच बाजूला काढावेत, कारण जुनी गाडी उघडल्यावर न ठरलेले काहीतरी निघतेच. उरलेल्या पंचेचाळीसमधून पहिला पैसा ब्रेकला, दुसरा टायरला. ब्रेकचे तेल, रबरी नळ्या, चाकांतील सिलिंडर, मागचे ब्रेक शू हे सारे एकदम करावे. अर्धे केलेले ब्रेक गाडी एका बाजूला ओढतात. टायरच्या बाजूवर चार अंकी खूण असते. ३११८ म्हणजे २०१८ सालातील एकतिसावा आठवडा. खाचा शाबूत दिसल्या तरी असा वयस्क टायर एप्रिल-मेच्या तापलेल्या डांबरावर फुटू शकतो. ८०० चे बारा इंची चार टायर दहा-बारा हजारांच्या घरात येतात, आणि तेथे ‘चालतील अजून एक वर्ष’ हे वाक्य उच्चारू नये. सीटचे पट्टेही ओढून पाहावेत. दोरा उसवलेला पट्टा बदलावा.

त्यानंतर इंजिन थंड ठेवणारी यंत्रणा. आपल्याकडे रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी ओतण्याची सवय आहे. त्या पाण्यातील क्षार आत साचतात आणि ज्या नळ्यांतून उष्णता बाहेर पडायची त्या बंद होतात. मग गाडी तापू लागते आणि कोणीतरी थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला देतो. त्याने दुखणे काही दिवस लपते. थंडीत मात्र इंजिन पुरेसे गरमच होत नाही, पेट्रोल जास्त पिते आणि आतून झिजते. रेडिएटर साफ करून कूलंट भरावे, नळ्या बदलाव्यात, पंखा ठरल्या वेळी सुरू होतो की नाही ते पाहावे. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची नोंद नसेल तर तो नवा घालावा. पेट्रोलच्या रबरी नळ्याही बदलाव्यात. आता पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या गाड्यांचे रबर त्यासाठी बनलेले नव्हते, ते फुगते आणि गळू लागते.

मिस्त्रीला ‘सगळे करून टाका’ असे कधीही सांगू नये. तो फसवील म्हणून नव्हे; ‘सगळे’ या शब्दाला किंमत नसते म्हणून. सुटे भाग किती, मजुरी किती, हे वेगवेगळे लिहून घ्यावे आणि काढलेले जुने भाग पोत्यात घालून परत मागावेत. चांगल्या मिस्त्रीला याचा राग येत नाही. आणि त्याचे पैसे मात्र दिवाळीपर्यंत लांबवू नयेत. बाजारात उधारी चालते, गॅरेजात त्या उधारीचे व्याज निराळ्या रीतीने वसूल होते.

रंग सर्वांत शेवटी, आणि उरल्यास. संपूर्ण गाडी रंगवायची म्हटली तर साठ हजारांतील निम्मी रक्कम सहज खर्ची पडते, आणि ब्रेक होते तसेच राहतात. नातेवाइकांना रंग दिसतो, ब्रेक दिसत नाहीत. घरातील वाद बहुधा येथेच होतो. तडजोड म्हणून गंजाच्या जागा तेवढ्या घासून त्यांवर प्रायमर आणि रंग मारावा, सीटला कापडी खोळ घालावी. चामड्याची खोळ जैन घरात कोणी घालणार नाही. पण स्टिअरिंगवरचे आवरण कशाचे आहे, हे विचारण्याचे पुष्कळांना सुचत नाही.

एवढे करूनही ही गाडी ८०० च राहते. तिला एअरबॅग नाहीत, तिचा पत्रा हलका आहे. गावात, तालुक्याला, जिंतूरच्या चाळीस-बेचाळीस किलोमीटरच्या रस्त्यावर दिवसाउजेडी ती उत्तम. पाच माणसे आणि सामान भरून समृद्धी महामार्गाने तिला मुंबईला नेणे हे काटकसरीत बसत नाही.

एक उपयोग मात्र असा आहे की त्यासाठी ती नीट असणे इतरांच्या जिवाशी जोडलेले असते. कार्तिकी पौर्णिमेनंतर मुनिसंघ आणि साध्वीसंघ विहाराला निघतात. उजाडण्याच्या सुमारास, धुक्यात, रस्त्याच्या कडेने ते पायी चालतात आणि गावातील तरुण मागून गाडी हळूहळू नेतात, जेणेकरून भरधाव ट्रकला पुढे माणसे आहेत हे दुरून कळावे. विहारातील साधू-साध्वींना वाहनांनी उडवल्याच्या बातम्या समाजाने अनेकदा वाचल्या आहेत. या कामाला घरची जुनी गाडीच बहुधा पुढे केली जाते, आणि तिचे मागचे दिवे लागत नसतील तर ती संरक्षण देण्याऐवजी अंधारातला आणखी एक अडथळा होते.

पायी चालीच्या गतीने तासभर जाणे हे जुन्या गाडीला घाटापेक्षाही कठीण. समोरून वारा लागत नाही, सारी भिस्त पंख्यावर. क्लच अर्धवट दाबून सरकत राहिले तर क्लच प्लेट एका हंगामात जळते. त्यापेक्षा पहिल्या गिअरमध्ये शंभर-दोनशे पावले पुढे जावे, कडेला थांबावे, संघ जवळ आला की मागे राहून पुन्हा निघावे. चारही इंडिकेटर एकदम लुकलुकवणारे बटण चालते ना, हे आदल्या संध्याकाळीच पाहावे. इंजिन बंद ठेवून ते तासभर चालू ठेवले तर थकलेली बॅटरी उतरते, म्हणून तीही तपासून घ्यावी. मागे लाल परावर्तक पट्ट्या लावाव्यात. त्यांना शे-दोनशे रुपयांहून अधिक लागत नाहीत. पिवळट पडलेल्या हेडलाईटच्या काचा घासून स्वच्छ कराव्यात.

चातुर्मासाचे चार महिने या साऱ्या कामाला पुरेसे आहेत. आषाढात गाडी गोदामाबाहेर काढावी, श्रावणात कागद करावेत, पर्युषण आणि दसलक्षण पर्व झाले की गॅरेजात द्यावी. दिवाळीला वहीपूजन होईल, तेव्हा त्या पानावरील बेरीज साठ हजारांच्या आत आहे की नाही ते पाहता येईल. कार्तिकी पौर्णिमेच्या दुसऱ्या पहाटे गाडी पहिल्या चावीला सुरू व्हावी, आणि एकाने चालकाच्या जागी बसून ब्रेक दाबावा, दुसऱ्याने मागे जाऊन दोन्ही लाल दिवे लागले का ते पाहून सांगावे.