वाण नाही पण गुण लागला

मागच्या शनिवारी आर्णीला घरी होतो. बाहेर पाऊस, अरुणावती गढूळ होऊन वाहतेय आणि माझं पोट बिघडलेलं. (पुण्याहून रात्रभर बस, मध्ये ढाब्यावरचं जेवण. चूक माझीच!) मेडिकलवाल्यानं काही न विचारता अँटिबायोटिकची पट्टी हातात ठेवली. आजीनं ती पाहिली आणि म्हणाली, "गोई राहू दे बाप्पा. आधी मीठ-साखरेचं पानी पे."

आजीचा धाकटा भाऊ पटकीनं गेला. सकाळी अंगणात खेळत होता, रात्री नव्हता. गाव म्हणालं, मरीमाय कोपली. आपण शिकलेली मंडळी म्हणतो, जंतू झाले. मला वाटतं, आपलं उत्तरही अर्धंच आहे.

पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या जंतूचे 200 हून जास्त प्रकार आहेत. मोठ्या साथी आणणारे त्यातले फक्त दोन. 1959 साली कलकत्त्यात शंभूनाथ डे यांनी दाखवलं की जंतू गाळून काढले तरी उरलेलं पाणी सशाच्या आतड्यात कॉलऱ्यासारखाच परिणाम करतं. म्हणजे खरा गुन्हेगार जंतूनं सोडलेलं विष. पण हे विष त्याच्याकडे आलं कुठून?

उत्तर 1996 साली अमेरिकेत वॉल्डर आणि मेकालानोस यांना सापडलं. विषाचे जीन्स मुळात एका व्हायरसचे आहेत. हो, जंतूंनाही व्हायरस होतो! त्याला फेज म्हणतात.

आमच्या भाषेत सांगायचं तर जंतूचा मूळ कोड साधारण 40 लाख अक्षरांचा. फेज येतो आणि स्वतःची जेमतेम 7 हजार अक्षरं त्यात पेस्ट करतो. ना रिव्ह्यू, ना टेस्टिंग :) त्यातल्या दोन जीन्सपासून विष बनतं. ते आतड्याच्या पेशीतला एक स्विच 'चालू'वरच अडकवून ठेवतं. पेशीतून क्षार बाहेर, त्यामागोमाग पाणी. गंभीर रुग्णाचं तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं.

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला! सूक्ष्मदर्शकाखाली विषारी आणि बिनविषारी जंतू सारखेच दिसतात. फरक एवढाच की इथे लागलेला गुण पुढच्या पिढ्यांतही उतरतो. घटसर्पाचं तेच. फेजची लागण झाली की बिनविषारी जंतू विष बनवू लागतो, हे फ्रीमननं 1951 मध्येच दाखवलं होतं.

बरं, मग आपल्याला काय त्याचं?

एक म्हणजे ती गोळ्यांची पट्टी. ई. कोलाय जंतूच्या काही जातींत असाच विषाचा कोड आणणारा फेज झोपून असतो. काही अँटिबायोटिक्सनी जंतूचा डीएनए तुटायला लागला की फेज जागा होतो. घर पेटलं की भाडेकरू सामान उचलून पळतो ना, तसं. पळण्याआधी तो स्वतःच्या भराभर प्रती काढतो आणि त्या गडबडीत विषही जास्त बनतं. म्हणून या जातीची शंका असेल तर डॉक्टर सहसा अँटिबायोटिक टाळतात. गंभीर कॉलऱ्यात मात्र ते देतात, आणि ते बरोबरच आहे. पण हे ठरवायचं डॉक्टरांनी. मेडिकलवाल्यानं नाही, आणि 'गूगल केलंय मी' म्हणणाऱ्या आपण तर नाहीच नाही.

दुसरं म्हणजे आजीचं पाणी. विष एक दार उघडं ठेवतं, पण साखर आणि मीठ जोडीनं आत घेणारं दुसरं दार शाबूत असतं. 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी त्याच दारातून हजारो जीव वाचवले.

आणि तरीही जुलै 2022 मध्ये आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत लोक उघड्या विहिरीचं पाणी प्यायले आणि कॉलऱ्यानं दगावले. 7 हजार अक्षरांचा तो कोड आपण कधीच वाचून काढलाय. गावात स्वच्छ पाण्याचा नळ पोचवायला मात्र व्हायरस समजून घ्यावा लागत नाही. त्याला लागते ती फक्त लाज.

असो. पट्टी न फोडता परत केली. दोन दिवसांत पोट आपोआप ताळ्यावर आलं. आजीला फेजची गोष्ट सांगितली तर म्हणाली, "म्हंजे मरीमायच्या अंगातबी कोनीतरी येते म्हन की!"

यापेक्षा सोपं मला सांगता आलं नसतं.