मँक्स बग्गी : जीर्णोद्धार गाडीचा की ती जुळवण्याच्या रीतीचा?

१/
१९६४ साली कॅलिफोर्नियातील न्यूपोर्ट बीच येथे ब्रूस मेयर्स या होड्या बांधणाऱ्या कारागिराने एक ठेंगणी, बिनदाराची, उघडी गाडी पुरी केली. वाळूच्या टेकड्यांवर धावणारी ही बग्गी पुढे ‘मेयर्स मँक्स’ या नावाने जगभर गाजली. साठ वर्षांनंतर आज तिचे पुनरुज्जीवन चालू आहे. पण पुनरुज्जीवन नेमके कशाचे व्हावे? तिच्या आकाराचे, की ती घरच्या अंगणात जुळवण्याच्या रीतीचे?

२/
इतिहासाच्या दृष्टीने दुसरे उत्तर अधिक खरे आहे. मँक्स मुख्यतः किट म्हणून विकली गेली. गिऱ्हाइकाला फायबरग्लासचा साचेबंद सांगाडा मिळे आणि बाकीची गाडी तो स्वतः उभी करी. हा घटक वगळून केलेले पुनरुज्जीवन म्हणजे देवळाचा कळस नवा करून गाभारा बुजवण्यासारखे आहे. हे म्हणणे पटण्यासाठी आधी ही गाडी घडली कशी, ते पाहावे लागेल.

३/
मेयर्सचा जन्म १९२६ सालचा, लॉस एंजेलिसचा. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकी नौदलात होता. ११ मे १९४५ रोजी ‘बंकर हिल’ या विमानवाहू जहाजावर जपानी आत्मघातकी वैमानिकांनी हल्ला केला, त्यातून तो वाचला. युद्धानंतर तो फायबरग्लासच्या होड्या घडवू लागला. पातळ पत्र्याला वाक दिला की त्याला बळकटी येते, हे तत्त्व त्याच्या हातात तिथेच मुरले. मँक्सच्या गोलसर मडगार्डांमागे सौंदर्यदृष्टी आहे, तसेच हे होडीबांधणीचे गणितही आहे.

४/
त्या काळी कॅलिफोर्नियाच्या वाळूत धावणाऱ्या बग्ग्या बहुधा जुन्या अमेरिकी मोटारी सोलून केलेल्या असत. इंजिन मोठे, वजन भारी. याउलट फोक्सवॅगन बीटल हलकी होती. तिचे इंजिन मागे, म्हणजे चालक चाकांच्याच वर होते. त्यामुळे चारही चाकांना जोर न देतासुद्धा मागची चाके वाळूत पकड धरत. इंजिन हवेने थंड होई, म्हणून रेडिएटर नाही, पाणी नाही, गळती नाही. वाळवंटासाठी याहून सोयीचे यंत्र स्वस्तात मिळणे कठीण होते.

५/
पहिल्या बारा गाड्यांत मेयर्सने बीटलची चासी वापरली नाही. फायबरग्लासचे एकसंध कवच हाच त्यांचा सांगाडा होता आणि इंजिन, गिअर, चाके तेवढी बीटलची होती. गाडी देखणी झाली, पण घडवायला फार खटपटीची आणि महाग पडू लागली. तेव्हा त्याने आराखडा बदलला. नवे कवच थेट बीटलच्या चासीवर बसेल असे केले. मँक्सच्या इतिहासातले खरे वळण हे आहे. उत्तम वस्तू थोडी सोपी केल्यामुळे ती सामान्य माणसाच्या आवाक्यात आली.

६/
काम असे चाले. अपघातात चेपलेली किंवा गंजलेली बीटल स्वस्तात घ्यायची. बोल्ट सोडवून तिचे वरचे धूड उचलायचे. खालच्या चासीतून सुमारे ३६ सेंटीमीटरचा तुकडा कापायचा आणि उरलेले दोन भाग वेल्डिंगने सांधायचे. गिअरचा दांडा त्याच मापाने आखूड करायचा, ब्रेकच्या नळ्या नि केबली नव्या लांबीला जुळवायच्या. मग वर फायबरग्लासचे कवच बसवायचे. आखूड, तोकड्या बांध्यामुळेच शेपूट नसलेल्या मँक्स मांजराचे नाव या गाडीला शोभले.

७/
हे खेळणे नव्हते, याचा पुरावा १९६७ च्या एप्रिलमध्ये मिळाला. मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पावर ला पाझ ते टिहुआना हे अंतर मेयर्स आणि टेड मँगल्स यांनी मँक्समधून ३४ तास ४५ मिनिटांत कापले. आधीचा मोटारसायकलचा विक्रम पाच तासांहून अधिक फरकाने मोडला गेला. त्याच वर्षाअखेर पहिली ‘मेक्सिकन १०००’ शर्यत झाली. ती विक विल्सन आणि टेड मँगल्स यांनी मँक्समधूनच २७ तास ३८ मिनिटांत जिंकली. पुढच्या ‘बाहा १०००’ची ही सुरुवात.

८/
कीर्तीबरोबर नकला आल्या. मेयर्सच्या कंपनीने सुमारे सहा हजार मूळ किटे विकली. जगभरातल्या नकला मात्र अडीच लाखांहून अधिक असाव्यात, असा अंदाज नेहमी सांगितला जातो. कारण उघड आहे. फायबरग्लासच्या एका कवचावरून दुसरा साचा काढायला मोठा कारखाना लागत नाही. जी सोपी रचना घरच्या घरी गाडी जुळवू देत होती, तीच नक्कल करणाऱ्यालाही मदत करीत होती.

९/
मेयर्सने पेटंट घेतले होते. तो न्यायालयात गेला आणि हरला. पेटंट टिकले नाही, नकलांना मोकळे रान मिळाले. १९७१ मध्ये त्याची कंपनी बंद पडली. इथे दोन्ही गोष्टी एकाच वेळी मान्य कराव्या लागतात. नकलांमुळेच ही बग्गी खंडोखंडी पोहोचली, हे खरे. आणि मूळ कर्त्याच्या पदरी त्यातले फारसे काही पडले नाही, हेही तितकेच खरे. लोकप्रियतेच्या कौतुकात हा दुसरा भाग गाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

१०/
पुनरुज्जीवनाची पहिली लाट चाहत्यांनी आणली. १९९४ मध्ये मँक्स क्लब स्थापन झाला. २००० च्या सुमारास वृद्ध मेयर्सने पुन्हा मर्यादित संख्येने किटे काढली. ‘ओल्ड रेड’ ही पहिली लाल मँक्स २०१४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहन नोंदवहीत दाखल झाली. २०२० मध्ये कंपनी नव्या गुंतवणूकदारांकडे गेली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये, वयाच्या ९४ व्या वर्षी, मेयर्स वारला.

११/
दरम्यान खुद्द फोक्सवॅगनने २०१९ च्या जिनिव्हा मोटार प्रदर्शनात विजेवर चालणारी ‘आयडी बग्गी’ मांडली. आपली विद्युत चासी इतर उत्पादकांनीही वापरावी, असा त्यामागचा विचार होता. गाडी सुरेख होती, पण ती बाजारात आलीच नाही. यात नवल नाही. दारे नि छत नसलेली नवी गाडी पूर्ण किमतीत घेणारे थोडेच असणार. साठच्या दशकात मँक्स परवडली ती तिची अर्धी किंमत मालकाच्या श्रमांनी फेडली जात होती म्हणून.

१२/
नव्या मालकांनी २०२२ मध्ये ‘मँक्स २.०’ ही विजेवरची बग्गी जाहीर केली. शिवाय बीटलच्या चासीवर बसणारे सुधारित किटही आणले. एकाच छताखाली दोन वाटा दिसतात. पहिली मँक्सचा चेहरा पुढे नेते, दुसरी तिचा व्यवहार. विजेची गाडी वाईट आहे असे म्हणण्याचे कारण नाही. मात्र इतिहासाचा वारसा सांगण्याचा अधिक हक्क किटचा आहे. आकाराची प्रत कोणताही साचा काढील. बीटल उघडून तिचे काम समजून घेणाऱ्या तरुणांची पिढी साच्यातून निघत नाही.

१३/
यावर पहिला आक्षेप सुरक्षेचा. घरी केलेल्या वेल्डिंगवर जीव का टांगावा? आक्षेप रास्त आहे. १९६० च्या दशकात आजच्यासारखे सुरक्षेचे नियम नव्हते आणि त्या बेफिकिरीची आरती ओवाळू नये. पण उपाय किट रद्द करणे हा नाही. गाडी उलटली तर डोके वाचवणारी भक्कम नळी आणि आसनपट्टे किटमध्येच द्यावेत, कापलेली चासी जाणकाराकडून तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये. अमेरिकेत २०१५ च्या कायद्याने छोट्या उत्पादकांना जुन्या गाड्यांच्या तयार प्रतिकृती वर्षाला ३२५ पर्यंत विकण्याची मुभा दिली. त्यामुळे तयार गाडीचा मोह आता आणखी वाढला आहे.

१४/
दुसरा आक्षेप अधिक जड आहे. तेव्हा बीटल भंगारात सहज मिळे. मेक्सिकोतील पुएब्ला येथे २००३ मध्ये शेवटची जुनी बीटल बाहेर पडली, तोवर एकूण संख्या २ कोटी १५ लाखांवर गेली होती. आता तीच गाडी वारसा ठरली आहे. एक ऐतिहासिक वस्तू जगवण्यासाठी दुसरी धडधाकट ऐतिहासिक वस्तू कापणे हा कुठला न्याय? म्हणून नव्या किटचा नियम स्पष्ट असावा: जिचे वरचे धूड वाचण्यापलीकडे गेले आहे तिचीच चासी घ्यावी, नाहीतर त्याच मापाची नवी चासी करावी.

१५/
तिसरा आक्षेप वाळूचा. बग्गीच्या कहाणीत स्वातंत्र्याचे वारे फार वाहते, पण त्या चाकांखाली वाळूवरची झुडपे नि पक्ष्यांची घरटीही आली. सार्वजनिक जमिनींवर अशा वाहनांना आवर घालण्यासाठी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना फेब्रुवारी १९७२ मध्ये खास आदेश काढावा लागला. मँक्सचा इतिहास सांगताना हे पान फाडता येणार नाही. नवी बग्गी नेमून दिलेल्या जागेतच धावावी. वाळवंट मोकळे दिसते म्हणून ते कोणाचेच नसते असे नाही.

१६/
राहिला प्रश्न किटबरोबरच्या माहितीपुस्तिकेचा. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ती केवळ सूचनांची चोपडी वाटू नये. कुठे कापावे, किती कापावे, का कापावे हे लिहिलेला कागद म्हणजे एका लोककौशल्याचे अस्सल साधन. बखरी राजांच्या लिहिल्या गेल्या. कारागिरांचे ज्ञान मात्र बहुधा हातातून हातात गेले आणि कित्येकदा हातांबरोबरच संपले. पुनरुज्जीवन करणाऱ्यांनी ही पुस्तिका कारणांसह, सविस्तर आणि सर्वांना खुली ठेवावी. किट न घेणाऱ्यालाही ती वाचता यावी.

१७/
व्यापारी बुद्धी विचारील, यात नकलेचा धोका नाही का? आहे. मेयर्स त्यानेच बुडाला. पण तो आराखडा साठ वर्षांपूर्वीच जगभर पसरला. लपवण्यासारखे आता काही उरलेले नाही. उरले आहे ते नाव, दर्जा आणि श्रेय. नव्या मालकांनी नाव नि दर्जा राखावा, आणि प्रत्येक किटवर मूळ कर्त्याचा उल्लेख ठळक असावा. १९७१ मध्ये ज्याचे देणे थकले, त्याची निदान एवढी फेड व्हावी.

१८/
आपल्याकडे जीर्णोद्धार म्हणताना वास्तू डोळ्यांपुढे येते. पण दगड घडवणारा पाथरवट उरला नाही, तर जीर्णोद्धार एका पिढीपुरताच टिकतो. पुढच्या पडझडीला कोणाला बोलवायचे? मँक्सलाही हाच हिशेब लागू आहे. ‘ओल्ड रेड’ तिच्या जागी आहे. गंजलेली बीटल अंगणात आणून तिचे बोल्ट सोडवणारे चारदोन हात दरवर्षी नव्याने तयार व्हावेत, एवढे काम पुनरुज्जीवित किटने करायचे आहे.