जुना कॅमेरा आणि तीन अटी

हाताने भिंग फिरवून फोकस साधावयाचा, फिल्मवर चालणारा जुना कॅमेरा विकत घेण्याची हौस सुशिक्षित घरांतील तरुणांत पुन्हा उत्पन्न झाली आहे. तिचे कैवारी म्हणतात, फिल्म महाग, रिळात चित्रे मोजकी. म्हणून मनुष्य आपोआप विचारपूर्वक पाहावयास शिकतो. हा 'आपोआप' शब्द आम्हांस मान्य नाही. यंत्राने संयम येत असता, तर जुन्या बाजारातून संयमाची खरेदी केव्हाच झाली असती!

सेवाग्रामचे उदाहरण घ्या. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावी राहावयास आले; १९४० साली त्या गावास सेवाग्राम हे नाव मिळाले. त्यांच्या परिवारातील, नात्याने नातू लागणारे कनू गांधी यांस छायाचित्रे काढण्याची इच्छा होती. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या १०० रुपयांतून त्यांनी रोलायफ्लेक्स कॅमेरा व फिल्म घेतली. गांधीजींनी अटी घातल्या तीन: फ्लॅश लावावयाचा नाही, 'असे बसा, इकडे पहा' म्हणावयाचे नाही, आणि आश्रम पैसा देणार नाही.

या अटींचा अर्थ रोलायफ्लेक्स हाती धरलेल्यासच नीट कळेल. छातीशी धरून वरून काचेत पाहावयाचे. तेथे प्रतिमा उमटते ती डावी उजवीकडे आणि उजवी डावीकडे. रिळात चित्रे बारा. त्यात मातीच्या कुटीतील अंधूक उजेड! शटर अधिक वेळ उघडे ठेवावे, तर हालणारा हात पुसट होतो. कनूंची कित्येक चित्रे अशी पुसट आहेत. काहींत नुसती पाठ दिसते. परंतु त्या पाठीस कोणी वळावयास सांगितले नव्हते, आणि आमच्या मते त्या चित्रांची योग्यता येथेच आहे. १९४६ साली मार्गारेट बर्क-व्हाइट या अमेरिकन बाई जगप्रसिद्ध साप्ताहिकातर्फे आल्या, त्यांनाही प्रथम सूत कातावयास शिकावे लागले. मर्यादा घातली होती ती ज्याचे चित्र काढावयाचे त्याने, कॅमेऱ्याने नव्हे.

आता आमच्या घरांकडे पहा. जुना कॅमेरा आणणारा चिरंजीव आजीला तीनदा उठवून खिडकीपाशी बसवितो, पदर नीट करावयास लावतो, हातात पोथी देतो, आणि त्या चित्रास 'सहज' असे नाव देतो. आजी कंटाळली आहे हे काचेत उलटे का होईना, पण दिसत असतेच.

कॅमेरा घेऊच नये असे आम्ही म्हणत नाही. अवश्य घ्यावा, मात्र दुकानदाराच्या 'उत्तम स्थिती' या शब्दांवर विसंबू नये. भिंग दिव्यासमोर धरावे. आपल्या पावसाळ्यात आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. एका सेकंदाचे शटर मध्येच अडकते काय, हे कान देऊन ऐकावे. छिद्राच्या पात्यांवर तेल ओघळले असल्यास तो परत द्यावा, किंवा दुरुस्तीचा खर्च किमतीतून वळता करून घ्यावा.

आणि पहिले रीळ घरातील कोणासही 'जरा इकडे पहा' न म्हणता संपवावे. बारांतील नऊ चित्रे वाया जातील. त्यांचे पैसे वडिलांकडे मागू नयेत.